काळविटाची भावकी

डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला, त्या दिवशी माझ्या फोनला उसंत नव्हती. मी जनावरांचा डॉक्टर, त्यामुळे प्रश्न मलाच. "डॉक्टर, गवा रेडा म्हंजे रानातला रेडाच ना? मग आमच्या म्हशी बाहेर बांधू का नको?" त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कोथरूडला गवा आला होता, तेव्हाही लोकांनी हेच विचारलं. शिराळा आणि पाटणकडच्या गावांत तर गवा पिकात उतरल्याची बातमी वर्षाआड नव्हे, वर्षातून कितीदा तरी येते.

दुसरा शब्द हरीण. सागरेश्वराच्या कडेचा शेतकरी सांगतो, "रात्री हरणं आली, हरभरा खाल्ला." मी विचारतो, कुठली हरणं? उत्तर ठरलेलं, "हरणं म्हंजे हरणं, डॉक्टर. कुठली असणार?"

सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. उजाड डोंगरावर धों. म. मोहिते आणि त्यांच्यासोबतच्या माणसांनी झाडं वाढवली, जनावरं आणून सोडली आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथं चितळ आहे, सांबर आहे, काळवीट आहे. तिघांनाही आपण हरीणच म्हणतो. पण चितळ आणि सांबर एका घरचे, आणि काळवीट दुसऱ्याच घरचं. नात्यानं ते चितळापेक्षा तुमच्या दारातल्या शेळीला जवळचं आहे. आणि गवा, नावात रेडा असूनही, म्हशीपेक्षा गाईला जवळचा आहे.

हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे संशयानं बघतात. म्हणून सविस्तर लिहितो.

आडनाव आणि भावकी

आपल्याकडं गावागावात पाटील आहेत. दोन पाटील भेटले म्हणून कुणी त्यांना भाऊ समजत नाही, कारण पाटील हे कामावरून पडलेलं नाव. भावकी कोणती ते कळायला वंशावळ काढावी लागते, पणजोबापर्यंत जावं लागतं, कधी तलाठ्याकडचे जुने फेरफार चाळावे लागतात.

हरीण हे असंच आडनाव आहे. सडपातळ अंग, बारीक पाय, डोक्यावर शिंगं, माणूस दिसला की पळणार, एवढं जुळलं की आपण हरीण म्हणून मोकळे होतो. शास्त्रज्ञ मात्र भावकी बघतात: एका पूर्वजापासून कोण कोण आलं? अशा भावकीला ते कुळ म्हणतात. चितळ, सांबर, भेकर हे सर्व्हिडी कुळातले. गाय, म्हैस, गवा, शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा हे सगळे बोव्हिडी कुळातले. ही दोन अवघड नावं इथंच सोडून देऊ. पुढं चितळाची भावकी आणि गाईची भावकी एवढंच म्हणतो.

मराठीत निसर्गावर लिहिणाऱ्यांनी ही गल्लत ओळखून सारंग आणि कुरंग असे दोन शब्द वापरले. सारंग म्हणजे चितळासारखे, कुरंग म्हणजे काळविटासारखे. शब्द चांगले आहेत, पण बांधावर काही पोचले नाहीत.

आधी खूर बघा

दोन्ही भावक्यांचा मूळ वाडा एकच आहे, तो खुरावरून कळतो. हाताचा पंजा टेबलावर ठेवा. आता मनगट उचलत न्या, इतकं की फक्त मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट नखांवर टेकलेलं राहील. गाय अशी उभी असते, दोन बोटांच्या नखांवर. ती नखं म्हणजे खुराचे दोन भाग. मागं वर लटकणाऱ्या दोन बारक्या नख्या ही तिची बाजूची बोटं, जमिनीला न टेकणारी. अंगठा केव्हाच गेला. घोडा याच्याही पुढं गेला आणि एकाच बोटावर उभा राहिला.

बैलाच्या मागच्या पायाचा जो उलटा वाकलेला गुडघा आपल्याला दिसतो, ती खरी त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ. टाच उचलून, बोटांवर पळणारं जनावर लांब ढांग टाकतं, म्हणूनच काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावतं.

दोन खुरांच्या या जनावरांना समखुरी म्हणतात. डुक्कर, उंट, जिराफ, पाणघोडा हेही त्यांतलेच. आणि देवमासासुद्धा. हे वाचून दचकायला होतं, पण समखुरींच्या घोट्यात एक खास आकाराचं हाड असतं आणि पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांत तेच हाड मिळालं. त्यांच्या नात्यातला इंडोहायस नावाचा छोटासा प्राणी तर काश्मीरच्या खडकांत सापडला आहे.

रवंथ करणारे सगळे एका पंगतीला

समखुरींतले डुक्कर, उंट, पाणघोडा आणि देवमासा बाजूला काढले, की रवंथ करणारी मंडळी उरतात. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कोटीपोट, दुसरा जाळीपोट, तिसरा पडदेपोट, चौथं खरं पोट. कोटीपोट म्हणजे गोबरगॅसची टाकीच. आत कोट्यवधी सूक्ष्मजीव वैरण आंबवतात, गॅस तयार होतो. गवतातला जो भाग आपल्याला पचत नाही, तो हे जीव फोडून देतात. उघड्यावर भराभर ओरबाडून घ्यायचं आणि आडोशाला बसून निवांत चावायचं, ही वाघ-बिबट्यांच्या रानात जगण्याची युक्ती. चितळ, काळवीट, शेळी, गवा सगळे हेच करतात.

या सगळ्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथं टणक हिरडी असते. बैलगाडी शर्यतीच्या मैदानात ‘आदत’, ‘दुसा’, ‘चौसा’ म्हणत बैलाचं वय ठरवतात, ते खालचे दात बघून. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात. काळविटाचं तोंड उघडून बघितलं तरी रचना तीच.

थोडक्यात, खुरावरून किंवा पोटावरून दोन भावक्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्या डोक्यावर वेगळ्या होतात.

शिंग म्हणतो आपण, पण कोणतं?

बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, बेगड लावतो, शेंब्या बसवतो. खिल्लार बैलाची शिंगं साळताना पातळ पापुद्रे निघतात आणि बैल शांत उभा असतो, कारण वरचा थर आपल्या नखासारखाच मेलेला असतो. आतमध्ये मात्र कवटीतून आलेलं जिवंत हाड असतं. हाडावर नखाच्या द्रव्याची खोळ, हे झालं खरं शिंग. मोठ्या जनावरात ते हाड आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते. म्हणून शिंग मुळाशी मोडलं की बैलाच्या नाकातून रक्त येतं. पहिल्यांदा बघणारा मालक घाबरून म्हणतो, डोक्याला मार लागला. तसं नसतं, वाट उघडी पडलेली असते. ती स्वच्छ करून झाकावी लागते, माश्या बसू देऊन चालत नाही.

हे शिंग मुळाकडून वाढतं. टोक सगळ्यात जुनं. गाईच्या शिंगावरची वळी मोजून वेतं सांगणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघायचा. हे शिंग गळत नाही. तुटलं तर नवं येत नाही.

आता सांबर घ्या. कित्येकांच्या घरी आजीनं सांबरशिंग सहाणेवर उगाळून लहान पोराच्या छातीला लावलेलं आठवत असेल. ते उगाळलं की पांढरी पेस्ट निघते, कारण ते आरपार हाड आहे. त्यावर खोळ नाहीच. नराच्या डोक्यावर दर वर्षी दोन कोंब फुटतात. त्यांच्यावर केसाळ मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त वाहतं आणि हाड बनत जातं. वाढ टोकाकडून होते, झाडाच्या फांदीसारखी, म्हणून फाटेही फुटतात. पुरी वाढ झाली की रक्त थांबतं, कातडी सुकते, सांबर झाडाला घासून ती सोलून काढतं. मिलनाचा काळ संपला की देठातून फळ गळावं तसं अख्खं शिंग गळतं. पुढच्या साली पुन्हा पहिल्यापासून. सांबराचं शिंग हातभर लांब होतं आणि एवढं हाड ते दर वर्षी काही महिन्यांत उभं करतं. तीस वर्षं जनावरांची मोडलेली हाडं जुळताना बघितल्यावर मला याचं अजूनही नवल वाटतं. (रानात असं गळलेलं शिंग दिसलं तर तिथंच राहू द्या. अभयारण्यातून ते उचलून नेणं हा गुन्हा आहे.)

सागरेश्वरात दुर्बीण न लावताही भावकी ओळखता येते ती यामुळं. शिंगांना फाटे असतील तर चितळ किंवा सांबर. फाटा नाही, वळीदार काळी पिळाची दोन शिंगं वर गेलेली, तर काळवीट. त्याची शिंगं बैलासारखीच, हाडावर खोळ असलेली, जन्मभराची. मादीला बहुधा शिंगं नसतात आणि तिचा रंगही फिका, त्यामुळं लोक तिला वेगळंच हरीण समजतात.

मग काळवीट, नीलगाय, चौसिंगा हे तरी एकमेकांचे सख्खे?

इथं मलाही एकेकाळी धक्का बसला होता. नाहीत.

गाईच्या भावकीत दोन मोठ्या पाती आहेत. आपल्या वंशावळीत थोरली पाती आणि धाकटी पाती असते, तशाच. फक्त इथं थोरली कोणती ते म्हणता येत नाही, दोन्ही एकाच वेळी वेगळ्या निघाल्या, साधारण दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी. गाईच्या पातीत गाय, म्हैस, गवा आणि याक. शेळीच्या पातीत शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा. आणि नीलगाय? ती गाईच्या पातीत. चौसिंगाही तिथंच, नीलगाईच्या शेजारी. म्हणजे ज्यानं कुणी नीलगाय हे नाव ठेवलं, त्यानं नकळत नेमकं नातं सांगितलं. चौसिंग्याच्या नराला चार शिंगं असतात, रानटी सस्तन प्राण्यांत असा दुसरा नाही.

कुरंग हा शब्द त्यामुळं सोयीचा आहे, भावकीचा नाही. गाय काढली, म्हैस काढली, शेळ्यामेंढ्या काढल्या, मग जे गाठोडं उरलं त्याला कुरंग म्हटलं. गाठोड्यात काय काय निघेल सांगता येत नाही. १९९२ मध्ये व्हिएतनामच्या जंगलातल्या शिकाऱ्यांच्या घरी लांब सरळ शिंगं टांगलेली दिसली आणि साओला नावाचा नवाच प्राणी जगापुढं आला. दिसायला पक्का कुरंग, तपासात गाईच्या पातीतला. तिबेटचा चिरू दिसतो कुरंगासारखा, नात्यानं शेळ्यामेंढ्यांकडचा.

आपल्या कोयना-चांदोलीच्या जंगलात एक जण असाही आहे जो या दोन्ही भावक्यांत बसत नाही. पिसोरी. वजन तीन किलोच्या आसपास, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, डोक्यावर शिंग नावालाही नाही. नराच्या वरच्या जबड्यातून बारीक सुळे बाहेर येतात. पडदेपोट जवळजवळ नसल्यात जमा, म्हणजे पोटाचे कप्पे तीनच. रवंथ करणाऱ्यांच्या वाड्यातून सगळ्यात आधी वेगळं निघालेलं हे घर. त्याला पिसोरी हरीण म्हणतात, पण चितळाशी त्याचं नातं गाईशी आहे तेवढंच लांबचं.

गवा हा रेडा का नाही

लोक रंग बघतात. काळा, धिप्पाड, म्हणून रेडा. पण पाय बघा, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे. खांद्यापासून पाठीवर उंच धार गेलेली असते. ती खिल्लाराच्या वशिंडासारखी दिसते, पण वशिंड हे स्नायू आणि चरबीचं असतं आणि गव्याची धार पाठीच्या मणक्यांच्या लांब काट्यांवर उभी असते. पंढरपुरी म्हशीची शिंगं आठवा, चपटी, तलवारीसारखी मागं गेलेली. गव्याची शिंगं बुंध्याशी जाड, बाजूनं निघून वर वळलेली.

पक्का पुरावा पेशीत आहे. प्रत्येक जनावराचा आनुवंशिक मजकूर काही ठरावीक खंडांत बांधलेला असतो, त्या खंडांना गुणसूत्रं म्हणतात. गाईची ६०, आपल्याकडच्या गव्याची ५८, म्हशीची ५०. गाय आणि गवा यांची पिलं होऊ शकतात. ईशान्येकडं पाळीव गव्याला मिथुन म्हणतात, त्याचा गाईशी संकर करतात. गाय आणि म्हैस एकाच गोठ्यात हजारो वर्षं बांधली गेली, तरी त्यांचा संकर झालेला नाही.

इथं एका शिक्षकांनी मला पकडलं होतं. म्हणाले, "शेळीची गुणसूत्रंही ६०च असतात ना? मग शेळी गाईची सख्खी बहीण का?" रास्त प्रश्न. नुसत्या संख्येवरून नातं ठरत नाही. ज्ञानेश्वरी एका खंडात बांधा नाहीतर तीन खंडांत, ओव्या त्याच. नातं कळतं ते आतला मजकूर ताडून, आणि तो ताडला तर गव्याचा मजकूर गाईशी जुळतो, शेळीच्या मजकुरात मात्र बराच फरक निघतो. याचं टोकाचं उदाहरण आपल्याच डोंगरात आहे. कोयनेच्या जंगलात कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर ऐकलं असेल. त्याच्या मादीला गुणसूत्रं फक्त ६, नराला ७. ज्ञात सस्तन प्राण्यांत इतकी कमी कुणाचीच नाहीत. मजकूर कमी नाही, खंड एकमेकांना चिकटत गेले.

म्हशीवाल्या शेतकऱ्याला मी त्या दिवशी सांगितलं ते असं: गवा म्हशीसाठी येत नाही. तो वाट चुकून आलेला असतो आणि भेदरलेला असतो. मोठ्या नराचं वजन टनाच्या घरात जातं, तो घाबरून धावला की समोर काय आहे ते बघत नाही. मोबाईल घेऊन मागं धावणारी गर्दी हा त्या वेळचा खरा धोका, माणसालाही आणि त्यालाही. कोथरूडचा गवा पकडला गेला, पण वाचला नाही.

वेगळ्या घरचे, मग दिसतात सारखे कसे?

दोन गावांतले दोन लोहार, एकमेकांना न भेटलेले. दोघांनी विळा केला तर तो वाकडाच होणार, कारण कापायचं गवतच आहे. चितळ आणि काळवीट दोघांनाही शिकाऱ्यापुढं पळायचं आणि पाला-गवत खाऊन जगायचं, त्यामुळं बांधा सारखा झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेत चितळाच्या भावकीतला एकही मूळचा प्राणी नाही, तिथं हरणांची सगळी कामं गाईच्या भावकीनं उचलली. आपण भारतात दोन्ही बघतो, म्हणून घोळ आपल्याच वाट्याला आला.

तरी बारकाईनं बघितलं तर आतले फरक टिकून आहेत. गाईला, शेळीला पित्ताशय असतं. चितळ-सांबराला नसतं.

माझ्या गोठ्याला याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या पेशामुळं मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोग आडनाव बघत नाहीत, भावकी बघतात.

लाळ्या-खुरकूत घ्या. दुभंगलेल्या खुराचं जनावर म्हटलं की त्याला तो होऊ शकतो: गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, आणि रानात गवा, चितळ, काळवीट. शेजारी बांधलेल्या घोड्याला होत नाही, त्याचा वाडाच वेगळा. चांदोलीच्या कडेच्या गावात लाळ्या-खुरकूताची लस चुकवली, तर ती चूक जंगलाच्या हद्दीशी थांबत नाही. गुरं ज्या पाणवठ्यावर जातात, तिथंच रात्री गवा येतो. जुन्या माणसांना बुळकांडी आठवते. तिनं गोठे ओस पाडले आणि रानात गव्यांचे कळपही. लस देत देत २०११ मध्ये ती जगातून संपली, असं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग.

शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग माण, आटपाडी, जतच्या प्रत्येक मेंढपाळाला माहीत आहे. नाक वाहतं, ताप, हगवण, आणि बघता बघता कळप बसतो. २०१६-१७ च्या हिवाळ्यात मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात तो पाळीव कळपांकडून सैगा नावाच्या कुरंगात गेला आणि हजारो सैगा मेले. सैगा म्हणजे शेळीच्या पातीतला, काळवीट आणि चिंकाऱ्याचा जवळचा नातलग. माडग्याळी मेंढ्यांचा कळप ज्या माळावर बसतो, तसल्याच माळावर चिंकारा चरतो.

लम्पीच्या वेळी, २०२२ मध्ये, उलटा प्रश्न आला. गाईंना शेळीच्या देवीची लस टोचली जात होती आणि लोक मला म्हणत होते, "शेळीची लस गाईला? फसवताय काय?" ती नातेवाईकी जनावरांची नव्हती, विषाणूंची होती. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच भावकीतले, म्हणून एकाची ओळख झालेलं शरीर दुसऱ्यालाही अडवतं. त्या वेळी बांधावर उभं राहून हे समजावताना मी पाटलांचाच दाखला दिला होता.

पीपीआरची लस मिळालेली मेंढी साधारण तीन वर्षं सुरक्षित राहते. दिवाळीनंतर कळप घाट उतरतात, त्याआधी ती टोचून घ्यावी. वाटेवरच्या माळावर जे चिंकारे भेटतील, त्यांना लस टोचायला कुणी जात नाही. त्यांच्यासाठी तुमच्या कळपाची लस हीच लस.